ए आणि बी ड्राइव्ह गेले कुठे? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की जुना काँप्युटर भंगारात द्यायच्या आधी त्याच्याबद्दल काही विचारायचं असेल तर विचारून घ्या, तर एवढे प्रश्न आले की संपादकांनी पानं वाढवून दिली. सगळे नाही घेता आले. जे चार-पाच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलेत ते घेतलेत, आणि एक मला स्वतःला आवडला म्हणून शेवटी ठेवलाय.

ताई, माझ्या लॅपटॉपमध्ये सी ड्राइव्ह आहे, डी आहे, पण ए आणि बी का नाहीत? सरांना विचारलं तर म्हणाले सिस्टीमने राखून ठेवलेत. कोणासाठी ते नाही सांगितलं.
– अकरावीतला विद्यार्थी, इचलकरंजी

सरांचं बरोबर आहे रे, फक्त ज्यांच्यासाठी राखून ठेवलेत ते कधीच गेले. ए आणि बी ही फ्लॉपी ड्राइव्हची नावं, म्हणजे पातळ तबकडी (फ्लॉपी) घालून तिच्यावर माहिती लिहायच्या-वाचायच्या खाचांची. आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ ला आपला पीसी आणला, मॉडेल ५१५०, तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हतीच. समोर सव्वापाच इंची फ्लॉपीच्या दोन खाचा, आणि पहिल्या डॉसमध्ये (डॉस म्हणजे त्या पीसीची ऑपरेटिंग सिस्टीम, काँप्युटर चालवणारा मूळ प्रोग्रॅम) एका फ्लॉपीवर मावायचे १६० केबी. तुला सकाळी काकांकडून गुलाबाचा जो फोटो येतो ना, तो बहुतेक एका फ्लॉपीत मावला नसता. एका खाचेत डॉसची फ्लॉपी, दुसऱ्या खाचेत तुमचं काम, पहिली ए आणि दुसरी बी. मग मार्च १९८३ ला आयबीएमचाच पुढचा पीसी, एक्सटी आला, त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती, तिला पुढचं मोकळं अक्षर मिळालं, ते सी. फ्लॉपी गेली, सी तिथेच बसलाय.

गंमत म्हणजे ज्यांच्याकडे एकच फ्लॉपी ड्राइव्ह असायचा त्यांनाही बी मिळायचा. म्हणजे खरा नाही. डॉस स्क्रीनवर सांगायचं की आता बीची फ्लॉपी घाला, आपण काढून दुसरी घालायची, मग म्हणायचं आता एची घाला, परत अदलाबदल. मी १९९१ ला शिकायला लागले तेव्हा क्लासमध्ये असंच एक मशीन होतं, चपला बाहेर काढून एसीच्या खोलीत जायचं आणि तासभर फ्लॉप्या आतबाहेर करायच्या, आणि मधे चुकून तीच फ्लॉपी परत घातली की पहिल्यापासून सुरू.

ही अक्षरं मुळात डॉसची नाहीतच. गॅरी किल्डॉल नावाच्या माणसाने १९७४ च्या सुमारास सीपी/एम नावाची ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली, छोट्या काँप्युटरांवर काही वर्षं तिचंच राज्य होतं, त्यात ड्राइव्हना ए, बी अशी अक्षरं होती. १९८० ला आयबीएमची माणसं ती घ्यायला कॅलिफोर्नियात त्याच्याकडे गेली आणि बोलणं फिसकटलं. तो त्या दिवशी विमान उडवायला गेला होता असं सगळीकडे सांगतात, तो खरंच विमानाने गेला होता पण कामासाठी, आणि त्याच्या बायकोने आयबीएमच्या गुप्ततेच्या कागदावर सही केली नाही हा भाग गोष्टीत बऱ्याचदा गाळला जातो.

तर आयबीएम मायक्रोसॉफ्टकडे गेलं, आणि मायक्रोसॉफ्टकडे ऑपरेटिंग सिस्टीम नव्हती. ती त्यांनी सिएटलमधल्याच एका छोट्या कंपनीकडून घेतली, टिम पॅटर्सन नावाच्या पोराने लिहिलेली, आधी लायसन्स २५ हजार डॉलरला आणि मग पीसी यायच्या तोंडावर सगळे हक्क ५० हजारांत. त्या सिस्टीमचं सुरुवातीचं नाव क्यूडॉस, म्हणजे मराठीत सांगायचं तर ‘घाईत उरकलेली गलिच्छ ऑपरेटिंग सिस्टीम’. खरंच, मी बनवून सांगत नाहीये. सीपी/एमवरचे प्रोग्रॅम सहज आणता यावेत म्हणून ती त्याच्यासारखीच केली होती, अक्षरांसकट. म्हणून आज तुझ्या लॅपटॉपमध्ये १९७४ ची सवय दिसते. आणि मायक्रोसॉफ्टने आयबीएमला ती देताना इतरांना विकायचा हक्क स्वतःकडे ठेवला. पुढे सगळ्या जगाने आयबीएमची नक्कल केली आणि प्रत्येक नकलेत डॉस गेलं. आयबीएमवाल्यांना तेव्हा बहुतेक वाटलं असेल की पैसा लोखंडात आहे.

‘६४० केबी कोणालाही पुरेल’ असं बिल गेट्स म्हणाले होते हे खरं का?
– बँकेतून निवृत्त, ठाणे

नाही. म्हणजे ते म्हणाल्याचा कुठेही पुरावा नाही आणि ते स्वतः मी असं कधी म्हणालोच नाही असं सांगत आलेत. ६४० मात्र खरं. त्या पीसीतल्या इंटेल ८०८८ चिपला पत्ता सांगायला २० तारा, म्हणजे एकूण १ एमबीपर्यंतचेच पत्ते. त्यातले वरचे ३८४ केबी स्क्रीन आणि बायोस (मशीन चालू होताना लागणारा आतला प्रोग्रॅम) वगैरेंसाठी बाजूला काढले, उरले ६४०. पहिल्या पीसीत मुळात १६ केबीच रॅम यायची त्यामुळे तेव्हा ६४० म्हणजे वाडा वाटला असणार. दहा वर्षांनी आम्ही त्याच वाड्यात एकावर एक झोपत होतो.

आमच्या घरात वाद चाललाय. हे म्हणतात पहिला पर्सनल काँप्युटर आयबीएमचा, मुलगा म्हणतो ॲपलचा. जिंकेल त्याला पुरणपोळी, असं मी कबूल केलंय. निकाल द्या.
– गृहिणी, नाशिक

पुरणपोळी तुम्हीच खा, दोघंही हरलेत.

आयबीएम १९८१ ला आलं, म्हणजे बरंच उशिरा. ॲपल १ हा १९७६ चा, ६६६.६६ डॉलरचा, नुसता बोर्ड, डबा तुम्ही आणायचा, कीबोर्ड तुम्ही आणायचा. आणि ज्याला साधारण सगळे पहिला मानतात तो आल्टेअर ८८००, जानेवारी १९७५. (अजून खोलात गेलं तर १९७१ चा केनबॅक आहे, १९७३ चा फ्रान्समधला मिक्राल आहे, पण ते काढले तर तुमच्या घरातला वाद दिवाळीपर्यंत चालेल.)

आल्टेअरची गोष्ट मला फार आवडते म्हणून जरा लांबण लावते. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधलं आल्बुकर्की. तिथे एड रॉबर्ट्स नावाच्या धिप्पाड माणसाची एमआयटीएस नावाची कंपनी होती, आधी हौशी मुलांच्या खेळण्यातल्या रॉकेटची इलेक्ट्रॉनिक्स विकायची, मग कॅल्क्युलेटरचे किट विकायला लागली. चांगलं चाललं होतं, तेवढ्यात मोठ्या कंपन्या कॅल्क्युलेटरमध्ये उतरल्या, किमती धडाधड पडल्या, आणि रॉबर्ट्स कर्जात गळ्यापर्यंत. आता अशा वेळी शहाणा माणूस दुकान बंद करेल. याने बँकेकडून अजून कर्ज काढलं आणि काँप्युटरचं किट करायचं ठरवलं. इंटेलची ८०८० चिप बाजारात ३६० डॉलरला होती, त्याने घाऊक घेतो म्हणून ७५ डॉलरला पाडून घेतली. सगळा खेळ त्या सौद्यावर उभा आहे कारण अख्खं किट त्याने विकलं ३९७ डॉलरला, म्हणजे किरकोळीत नुसती चिप घ्यायला गेलं तर जवळपास तेवढेच जात होते.

पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स या मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या कव्हरवर तो झळकला. पण कव्हरवर जो आहे तो रिकामा डबा आहे! खरा नमुना न्यूयॉर्कला पाठवला तो वाटेत पार्सलमध्येच हरवला, अंक तर छापायला जायचा, मग दिवे आणि बटणं लावलेलं नुसतं खोकं पाठवलं आणि त्याचाच फोटो आला. तेवढ्यावर लोकांनी हजारोंनी पैसे पाठवले. रॉबर्ट्सची अपेक्षा काहीशे ऑर्डरींची होती.

आणि मिळायचं काय? भागांची पिशवी. डाग देत, म्हणजे सोल्डरिंग करत बसायचं आणि आपणच जोडायचा. कीबोर्ड नाही स्क्रीन नाही. समोर खटके आणि लाल दिवे. प्रोग्रॅम घालायचा म्हणजे खटके वर-खाली करून एक एक बाइट आत ढकलायचा, उत्तर दिव्यांत वाचायचं, आणि लाइट गेली की सगळं पुसलं. मेमरी २५६ बाइट. मराठीत आज आपण युनिकोडमध्ये (सगळ्या भाषांची अक्षरं साठवायची जगभरची एकच पद्धत) टाइप करतो तेव्हा बहुतेक ठिकाणी एकेक चिन्ह ३ बाइट खातं, काना वेगळा मात्रा वेगळी, म्हणजे आल्टेअरमध्ये आपली ८५ चिन्हं मावली असती. पुरणपोळीची पाककृती सोडा, सामानाची यादीसुद्धा अर्ध्यात संपली असती.

पण लोकांनी त्याचं काय काय केलं बघा. मार्च १९७५ ला कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क गावात एका गॅरेजमध्ये हौशी मंडळी जमली, होमब्रू क्लब, बाहेर पाऊस आणि आत मधोमध टेबलावर आल्टेअर. स्टीव्ह वॉझ्नियॅक तिथेच होता, तिथून घरी जाऊन त्याच्या डोक्यात जे सुरू झालं ते ॲपल १. म्हणजे मुलाला अर्धी पोळी द्यायला हरकत नाही. पुढच्या महिन्यात स्टीव्ह डॉम्पिअर नावाच्या एकाने आल्टेअर आणला, खटके मारत प्रोग्रॅम भरला, मधे कोणाचा तरी पाय वायरीत अडकून प्लग निघाला, परत सगळं भरलं, आणि शेजारी एक साधा ट्रान्झिस्टर ठेवला. चिपच्या धावपळीने रेडिओत जी खरखर होते ती त्याने अशी बसवली की गाणं वाजलं! मशीनला आवाजाची काही सोय नसताना. मला विचाराल तर पर्सनल काँप्युटरचा पहिला दिवस तो.

दुसरी गोष्ट तुमच्या ह्यांना सांगा. बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी ते मासिक बघितलं आणि रॉबर्ट्सला कळवलं की आल्टेअरसाठी आमच्याकडे बेसिक तयार आहे. तयार काहीच नव्हतं. बेसिक ही भाषा जुनी, १९६४ ला डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ या दोघांनी केलेली, गणित-विज्ञान न घेतलेल्या पोरांनाही प्रोग्रॅम लिहिता यावा म्हणून. ती चार केबीत कोंबायची होती. दोघांनी आल्टेअर हात लावून बघितलेलासुद्धा नाही, ॲलनने हार्वर्डच्या मोठ्या पीडीपी-१० वर ८०८० चं सोंग करणारा प्रोग्रॅम लिहिला, त्यावर गेट्सने बेसिक लिहिलं, दशांश अपूर्णांकांचं गणित मॉन्टे डेव्हिडॉफ नावाच्या तिसऱ्या मुलाने केलं (त्याचं नाव कोणी घेत नाही म्हणून मी मुद्दाम घेते). ॲलन विमानाने आल्बुकर्कीला निघाला आणि उतरता उतरता त्याच्या लक्षात आलं की टेपवरून बेसिक आत ओढायला जो छोटा प्रोग्रॅम लागतो तो लिहायचाच राहिला. सीटवर बसून लिहिला. दुसऱ्या दिवशी भोकांची कागदी टेप घातली, दोन अधिक दोन विचारलं, उत्तर आलं चार. खऱ्या मशीनवर पहिल्यांदाच चालवत होते. आपल्याकडे असं झालं की आपण नारळ फोडतो.

रॉबर्ट्सने १९७७ ला कंपनी विकली, जॉर्जियात गेला आणि पुढे डॉक्टर झाला. काँप्युटरचा नाही हो, माणसांचा. छोट्या गावात प्रॅक्टिस केली, २०१० ला गेला.

माझी मुलगी बीसीएला आहे. २००१ साली मी कॉलेजात जी निळी स्क्रीन बघितली तीच टर्बो सी तिला शिकवतायत! हे योग्य आहे का? आणि दर प्रोग्रॅमच्या शेवटी ते गेटसीएच का लिहायचं हे मला तेव्हाही कळलं नव्हतं, तिलाही कळत नाही.
– एक आई, सातारा

आधी गेटसीएच. टर्बो सी म्हणजे सी भाषेत प्रोग्रॅम लिहून चालवायचं जुनं सॉफ्टवेअर, त्यात प्रोग्रॅम चालवला की काळ्या स्क्रीनवर उत्तर येतं आणि क्षणात निळी स्क्रीन परत येऊन ते झाकते. गेटसीएच म्हणजे ‘एक बटण दाबेपर्यंत थांब’. एवढंच. प्रोग्रॅमशी त्याचा काही संबंध नाही, खिडकी लवकर बंद होऊ नये म्हणून लावलेली ती खुट्टी आहे. आपल्या अख्ख्या पिढीने ती मंत्रासारखी पाठ केली, तोंडी परीक्षेत विचारलं तर ‘सर लिहावं लागतं’.

आता टर्बोला नावं ठेवायच्या आधी जरा त्याची बाजू. १९८३ पर्यंत पीसीवर प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे एडिटर वेगळा, तो बंद करा, कंपायलर (लिहिलेलं मशीनच्या भाषेत करणारा) चालवा, तो दोन-तीन फेऱ्या मारणार, मग तुकडे जोडणारा लिंकर, तोपर्यंत चहा पिऊन या, आणि एक अर्धविराम विसरला असाल तर परत पहिल्यापासून. वर किंमत शेकड्यात डॉलर. नोव्हेंबर १९८३ ला बोरलँड नावाच्या कंपनीने टर्बो पास्कल काढलं ४९.९५ डॉलरला, टपालाने घरपोच. आतलं इंजिन डेन्मार्कच्या अँडर्स हेल्सबर्गने लिहिलेलं. एडिटर आणि कंपायलर एकाच जागी, सगळं मिळून चाळीस केबीच्या आत, चूक झाली की ज्या ओळीवर झाली तिथेच नेऊन उभं करायचं. लायसन्समध्ये लिहिलं होतं की हे पुस्तकासारखं समजा, कोणीही वापरा, फक्त एका वेळी दोन ठिकाणी नको. हेल्सबर्ग पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेला, सी शार्प ही भाषा त्याचीच, टाइपस्क्रिप्ट या भाषेतही तोच. म्हणजे मुलीच्या निळ्या स्क्रीनच्या खानदानाचा उद्या तिला मिळणाऱ्या नोकरीशी संबंध आहे, फक्त मधली तीस-पस्तीस वर्षं कॉलेजने गाळलीत.

टर्बो सी आलं १९८७ ला, टर्बो सी प्लस प्लस १९९० ला. आमच्याकडे ते फ्लॉपीवरून फ्लॉपीवर आलं, विकत घेतलेला खोका मी आयुष्यात बघितला नाही, आमच्या क्लासच्या मालकांनी तर कॉपी करून द्यायचे वर दहा रुपये घेतले. गेट्सने फेब्रुवारी १९७६ मध्ये हौशी लोकांना उघड पत्र लिहिलं होतं की तुमच्यातले बरेचजण सॉफ्टवेअर चोरता, ते वाचताना मला दर वेळी आमचा क्लास आठवतो.

योग्य आहे का, तर नाही. कारण सांगते. सी प्लस प्लसचं पहिलं प्रमाणीकरण झालं १९९८ ला आणि टर्बो त्याच्या आधीचं. त्यामुळे तिथे चालतं ते बाहेर चालत नाही आणि बाहेरचं तिथे चालत नाही. गेटसीएच ज्या कोनिओ डॉट एच फाइलमधून येतं ती डॉसच्या कंपायलरांची सोय, भाषेची नाही. व्हॉइड मेन, म्हणजे मुख्य फंक्शन काहीच परत देत नाही असं लिहिणं, चूक, मेनने इंट (पूर्णांक) द्यायला हवा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यात इंट दोन बाइटचा, ३२,७६७ च्या पुढे जात नाही. मुलीला फॅक्टोरियलचा (एकपासून त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्यांचा गुणाकार) प्रोग्रॅम चालवायला सांगा, तो तर असणारच जर्नलमध्ये. सातचं येईल ५,०४०, बरोबर. आठचं यायला हवं ४०,३२०, येईल उणे २५,२१६. मी शिकवायचे तेव्हा पोरं म्हणायची मॅडम लॉजिक चुकलंय, आणि रात्रभर न चुकलेलं लॉजिक दुरुस्त करत बसायची.

बरं, आजच्या ६४ बिट विंडोजवर ते सरळ चालतसुद्धा नाही, म्हणून डॉसबॉक्स टाकून आत जुन्या मशीनचं सोंग उभं करतात आणि त्यात टर्बो चालवतात. नवीन गाडी घेऊन तिच्यावर बैलगाडी ठेवून आत बसल्यासारखं! पण सरांवर चिडू नका, बरेचदा प्रॅक्टिकलचं जर्नल आणि बाहेरून येणारे परीक्षक बदलत नाहीत म्हणून सर बदलू शकत नाहीत. मुलीला घरी जीसीसी हा आजचा कंपायलर टाकून द्या, फुकट आहे. कॉलेजात निळं, घरी काळं. एकच प्रोग्रॅम दोन्हीकडे चालवून बघायची सवय लागली तर तिला भाषा कुठे संपते आणि मशीन कुठे सुरू होतं ते आपोआप कळेल, जे मला कळायला नोकरीतली चार वर्षं गेली.

एक्सेल कोणी शोधलं? आमच्या फर्मचा सगळा ताळेबंद त्यावर आहे, निदान नाव तरी माहीत असावं.
– अकाउंटंट, सोलापूर

एक्सेल मायक्रोसॉफ्टचं, १९८५ चं, आणि आधी आलं ते ॲपलच्या मॅकिंटॉशवर, विंडोजवर यायला १९८७ उजाडलं. पण तुम्हाला बहुतेक हात जोडायला माणूस हवाय, तर तो डॅन ब्रिकलिन.

१९७८ ला तो हार्वर्डला बिझनेस शिकत होता. वर्गात फळ्यावर हिशोबाचा तक्ता मांडलेला, एक आकडा बदलला की प्राध्यापक पुढचे सगळे पुसून परत लिहिणार. खतावणीत एक रक्कम चुकली की पुढच्या सगळ्या शिलकी खोडाव्या लागतात ते तुम्हाला मी काय सांगणार. ब्रिकलिनला वाटलं की हा फळाच जादूचा हवा, एक बदललं की बाकीचे आपणहून बदलणारा. मित्र बॉब फ्रँकस्टनने कोड लिहिला, एमआयटीच्या मोठ्या मशीनवर रात्री, कारण रात्रीचा दर कमी. ऑक्टोबर १९७९ ला ॲपल २ वर व्हिजिकॅल्क आलं, किंमत १०० डॉलर. ६३ कॉलम आणि २५४ ओळी. कॉलमला अक्षर आणि ओळीला आकडा हे तुमचं ए१ तेव्हापासूनचं आहे.

तोवर या छोट्या काँप्युटरांना हौशी पोरांची खेळणी म्हणायचे. व्हिजिकॅल्क आल्यावर तुमच्यासारखी माणसं दुकानात जाऊन व्हिजिकॅल्क द्या आणि ते ज्याच्यावर चालतं ते पण द्या असं म्हणायला लागली. त्या दोघांनी पेटंट घेतलं नाही, सॉफ्टवेअरला तेव्हा मिळणं अवघडच होतं, वकिलानेही फार आशा दाखवली नाही. जानेवारी १९८३ ला लोटस १-२-३ हे दुसऱ्या कंपनीचं तसंच सॉफ्टवेअर आलं, आयबीएम पीसीसाठी बेतलेलं आणि वेगवान, आणि व्हिजिकॅल्क झोपलं. तुमच्या फर्ममध्ये कोणी साठीचे असतील तर त्यांना ‘लोटस’ म्हणून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो.

हँग झालं की कंट्रोल-ऑल्ट-डिलीट. तीनच बटणं, ती पण इतकी लांब लांब, का?
– तलाठी कार्यालयातून

चुकून दाबली जाऊ नयेत म्हणून. आयबीएमचा इंजिनिअर डेव्हिड ब्रॅडली, पीसी बनवणाऱ्या टीममधला. मशीन अडकलं की दर वेळी बंद-चालू करून वैताग यायचा म्हणून त्याने आपल्या टीमपुरतं केलं. आधी डिलीटच्या जागी एस्केप होतं, पण ती तिन्ही डाव्या हातात येतात, कोणाचा धक्का लागला की काम गेलं. लोकांना सांगायचा विचारच नव्हता, बाहेर फुटलं. २००१ ला पीसीच्या विसाव्या वाढदिवसाला गेट्ससमोर बसून तो म्हणाला की शोधलं मी असेन पण प्रसिद्ध बिलने केलं. गेट्स हसले नाहीत. व्हिडिओ आहे, बघाच.

बग म्हणजे खरोखरचा किडा होता का?
– सातवी ‘ब’, कोल्हापूर (बाईंच्या सांगण्यावरून सगळ्यांच्या सह्या)

किडा खरा होता, पतंग. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क २ काँप्युटरच्या रिलेत (विजेने उघड-बंद होणाऱ्या खटक्यात) अडकलेला सापडला, तिथल्या लोकांनी तो वहीत चिकटपट्टीने लावला आणि खाली लिहिलं की प्रत्यक्ष बग सापडल्याची ही पहिली घटना. वही अमेरिकेत म्युझियममध्ये आहे, पतंगासकट. पण बाळांनो, त्या वाक्यातला विनोद बघा, ‘प्रत्यक्ष’! म्हणजे शब्द आधीपासून होता, एडिसन १८७८ ला पत्रात वापरतोय. ग्रेस हॉपर यांना तो सापडला असं पुस्तकात असेल तर बाईंना सांगा, त्या ही गोष्ट फार रंगवून सांगायच्या, सापडला दुसऱ्यांना.

मी १९९८ साली डीटीपीवाल्याकडून माझ्या कविता टाइप करून घेतल्या होत्या. नातवाने ती फाइल उघडली तर सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. कविता गेल्या का?
– निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

गेल्या नाहीत गुरुजी. सोंग घेऊन बसल्यात.

तेव्हा काँप्युटरला मराठी येत नव्हतं, फक्त दाखवता येत होतं. श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या पॅकेजांचे जे फॉन्ट होते त्यात इंग्रजी अक्षराच्या जागी आपल्या अक्षराचा तुकडा बसवलेला असायचा. फाइलमध्ये इंग्रजीचंच चिन्ह, वर मराठी मुखवटा. फॉन्ट असेपर्यंत कविता, फॉन्ट गेला की कडबोळं. आणि प्रत्येक कंपनीने तुकडे वेगळ्या जागी बसवलेले, त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्याकडे नेली तरी तेच.

सरकारी बाजूने आधीच नीट काम झालं होतं हे सांगायला हवं. इस्की नावाचं भारतीय लिप्यांचं प्रमाण १९९१ ला आलं, त्याच्या मागे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेच्या जिस्ट कार्डाचा (पीसीत बसवलं की भारतीय लिप्या चालायच्या) मोठा वाटा, आणि त्यात अक्षराचा आकार साठवायचा नाही, अक्षर साठवायचं ही कल्पना होती. ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त, ष अशी तीन चिन्हं, जोडून दाखवायचं काम मशीनचं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिथे देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच घेतली. पण छापखान्यांना उद्याचा अंक काढायचा होता, त्यांनी जे चालत होतं ते चालवलं. पुढे विंडोज २००० मध्ये मंगल हा युनिकोड फॉन्ट आला, तो मुंबईच्या प्रा. र. कृ. जोशींनी केलेला.

आता उपाय. नातवाला ती फाइल वर्डमध्ये उघडायला सांगा आणि कडबोळ्यावर क्लिक करून वर फॉन्टच्या चौकटीत काय नाव दिसतंय ते बघायला सांगा. फॉन्ट मशीनवर नसला तरी नाव दिसतं. ते नाव कळलं की त्या फॉन्टचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण चुकीच्या फॉन्टचा कन्व्हर्टर लावला तर दुसरंच कडबोळं होईल, म्हणून मूळ फाइलची कॉपी आधी काढून ठेवा.

आणि रूपांतर झालं की लगेच खूश होऊ नका. दोन जागा नक्की तपासा. एक, ‘ऱ्य’ आणि ‘र्य’. तुमच्या कोकणच्या कविता म्हणजे दऱ्या असणारच, आणि दऱ्याचा दर्या झाला तर डोंगर बुडायचा, कन्व्हर्टर इथे हमखास घसरतात. दुसरं, ‘ॲ’. हे अक्षर युनिकोडमध्ये सुट्टं आलं ते २००८ ला, त्याच्या आधी लोक ‘अ’वर चंद्र ठेवून भागवायचे, दिसायला एकच पण आत वेगळं, त्यामुळे शोधायला गेलं की एक सापडतं आणि दुसरं सापडत नाही. कवितेत ‘ॲ’ कमीच असेल तुमच्या.

छापील प्रत जवळ असेल तर नातवाला स्क्रीनवरून मोठ्याने वाचायला लावा आणि तुम्ही प्रत हातात धरून ऐका. मूळ फ्लॉपी अजून असेल तर मात्र तिला घाईने कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालू नका, पावसाळ्यांत आत बुरशी धरलेली असते, ती फ्लॉपी तर खरवडून काढतेच पण ड्राइव्हचं डोकंही खराब करते. माझ्याकडे तीन डबे होते असे.